सुदाम कोण, विचारतंय न्यूयॉर्क

"हा सुदाम कोण?" रेठरेकर साहेबांनी केबिनच्या दारातूनच विचारलं. एका हातात कागद, दुसऱ्या हातात ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी.

"कुठला सुदाम, साहेब?"

"मला विचारू नका, मगदूम बाई. न्यूयॉर्क विचारतंय."

मी कागद घेतला. हॅन्सफोर्ड बँकेचा निरोप होता. पोलंडच्या व्यापाऱ्याने आमच्या 'सुदाम एक्स्पोर्ट्स'ला पाठवलेले डॉलर त्यांनी अडवून ठेवले होते. सुदाम ही व्यक्ती आहे की ठिकाण? व्यक्ती असल्यास पूर्ण नाव, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व कळवावे. ठिकाण असल्यास सुदान या देशाशी असलेला संबंध स्पष्ट करावा.

ही गोष्ट सुदानवर अमेरिकेचे आर्थिक निर्बंध होते तेव्हाची. पुढे ते उठले. मीही निवृत्त झाले. तेव्हा मी येरळाकाठ सहकारी बँकेत परकीय चलन विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि खिडकीतलं कबुतर. पण तालुक्यातला बेदाणा, हळद आणि दोन फाउंड्र्यांचं कास्टिंग परदेशी जायचं आणि त्याचे डॉलर माझ्या टेबलावरून यायचे.

आता आमच्यासारख्या बँकेची अमेरिकेत शाखा कुठली असणार? गावातल्या माणसाचं जसं आमच्याकडे खातं, तसं आमचं खातं न्यूयॉर्कच्या हॅन्सफोर्ड बँकेत. जगातून कुणीही आमच्या गिऱ्हाइकाला डॉलर पाठवले की ते आधी त्या खात्यात पडत आणि मग आमच्याकडे येत. ते खातं बंद झालं तर तालुक्याने डॉलर विसरायचे. आणि त्या काळात मोठ्या बँकांना निर्बंध मोडल्याबद्दल एवढे जबर दंड बसत होते की त्यांनी हायच खाल्ली होती. प्रत्येक नाव एका मशीनमधून जायचं. मशीनला बंदीच्या यादीतल्या नावाचा नुसता वास आला तरी पैसे जागच्या जागी थांबायचे. इंग्रजीत सुदाम आणि सुदान यांत एका अक्षराचा फरक. मशीनला तेवढा वास पुरला.

मी हणमंत आप्पा झांबरेंना फोन केला. सुदाम एक्स्पोर्ट्स त्यांचंच. बोरवाडीत त्यांची बेदाण्याची शेड होती. आप्पा जीपने आले, धोतर सावरत माझ्यासमोर बसले आणि पाणी मागितलं.

"आप्पा, सुदाम कोण? तुमचे वडील?"

"वडील न्हाई. वडील ज्ञानू."

"मग मुलगा?"

"मुलगी हाय. ती लातूरला दिली." आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सुदाम आमचा बैल हुता, मॅडम."

मी पेन खाली ठेवलं. "कंपनीला बैलाचं नाव?"

"मग? लोक कुलदैवताचं ठेवत्यात, नातवाचं ठेवत्यात. आमी बैलाचं ठेवलं."

मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी एक गोळी चघळली. "बैल लिहू नका. न्यूयॉर्कमध्ये काय इज्जत राहील बँकेची? जरा सभ्य शब्दांत लिहा."

"सभ्य शब्दांत बैलाला काय म्हणतात, साहेब?"

त्यांनी विचार करून स्वतःच मजकूर सांगितला : सुदाम हे संस्थापकांच्या परिवारातील एक ज्येष्ठ आणि आदरणीय सदस्य असून आता हयात नाहीत.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सदर ज्येष्ठ सदस्याचा व्यवसायात किती टक्के हिस्सा होता? मृत्यूनंतर तो कुणाकडे गेला? पासपोर्टची प्रत आणि निवासाचा पुरावा पाठवावा.

"निवासाचा पुरावा," साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे गोठ्याचा उतारा?"

"साहेब, खरं लिहू या."

"लिहा बाई, लिहा. पण सही तुमची."

मी खरं लिहिलं. सुदाम हा खिल्लार जातीचा बैल होता आणि वार्धक्याने वारला. वाटलं, आता संपलं. पण मशीनने 'खिल्लार' शब्द वाचला. त्याच्याशी मिळतंजुळतं नाव असलेला कुणी शस्त्रांचा दलाल म्हणे यादीत होता. आता न्यूयॉर्कला सुदाम आणि खिल्लार या दोघांची माहिती हवी होती आणि त्यांचे एकमेकांशी व्यावसायिक संबंधही. शेवटी एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. आपल्या बँकेची उत्तरे वेळोवेळी बदलत असल्याने आपले खाते पुढे चालू ठेवावे काय, याचा आढावा घेण्यात येत आहे. त्यासाठी आमचे अधिकारी श्री. एदुआर्दो रिबेरा प्रत्यक्ष भेट देतील.

ही बातमी बँकेबाहेर कशी गेली, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी हळदवाले शेटे आणि फाउंड्रीचे मालक दोघेही साहेबांच्या केबिनमध्ये बसलेले. आप्पांनाही बोलावून घेतलं होतं.

"आप्पा, नाव बदला की राव," शेटे म्हणाले. "तुमच्या एका बैलापायी आमची सगळ्यांची वरात निघायची वेळ आलीय."

"सोपं आहे," साहेबांनी समजूत घातली. "'झांबरे एक्स्पोर्ट्स' करू. 'श्री' लावू पुढे हवं तर. आठवड्यात कागद तयार होतात. पाहुणा यायच्या आत आपण नाव बदललेलं दाखवू, की विषयच मिटला."

आप्पा खुर्चीच्या टोकावर बसले होते. "दुसरं काय बी सांगा, साहेब. हे न्हाई जमायचं."

"का पण?"

"न्हाई जमायचं."

"अहो, शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायका आहेत तुमच्याकडे. त्यांचा पगार तटलाय म्हणता. सण तोंडावर आलाय."

तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला. "सोनाबाई बांगड्या मोडून देतीया त्यांना," ते म्हणाले. सोनाबाई त्यांची बायको. "त्याची काळजी करू नका. पण नाव न्हाई बदलायचं."

फाउंड्रीवाले ताडकन उठले. "बैल मेला आणि अक्कल मागं ठेवून गेला न्हाई!" असं बोलून निघून गेले. आप्पांनी टोपी घातली, मला नमस्कार केला आणि तेही गेले. का बदलायचं नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही त्यांचा रागच आला होता. हे खातं गेलं असतं तर माझा विभागही गेला असता आणि मला पुन्हा सोनेतारणाच्या काउंटरवर बसावं लागलं असतं.

पाहुणा येणार म्हणून साहेबांनी बँक रंगवून घेतली. कबुतराची खिडकी जाळीने बंद झाली. आणि एक मोठा खर्च केला : नावं तपासायचं सॉफ्टवेअर आणलं. तीच बंदीची यादी, तेच मशीन, फक्त स्वस्तातलं. मी त्याची कार्यपद्धती लिहून काढली. मशीन लाल झालं तर काय करायचं, कुठले प्रश्न विचारायचे, कारण कुठे नोंदवायचं, सगळं. पण आमच्या सभासदांची सगळी नावं हिरवी निघाली. लाल कसा दिसतो, ते आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं.

रिबेरा साहेब आले ते टॅक्सीने, घामाघूम होऊन. थोराड अंगाचा, डोळ्यांखाली काळं आलेला, फारसं न बोलणारा माणूस. हार घालून घेतला, नारळ कुठे ठेवायचा ते न कळून मांडीवर घेऊन बसला. चहा घेतला नाही. पाणी स्वतःचं प्यायला. साहेबांनी मला मराठीत कुजबुजून सांगितलं, "खातं बंद करायचं ठरवूनच आलाय. चेहरा बघा."

मला तसंच वाटत होतं.

"तुम्ही नावं कशी तपासता ते दाखवा," रिबेरा इंग्रजीत म्हणाले.

साहेबांना याचीच वाट होती. त्यांनी मला बाजूला सारून स्वतः खुर्ची घेतली आणि आधी स्वतःचं नाव टाइप केलं. पडदा हिरवा. मग चेअरमनचं नाव. हिरवा. साहेबांच्या अंगात अवसान आलं. पाहुण्याकडे वळून ते म्हणाले, "आता सर, आपलं शुभनाव!"

मी "साहेब" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं.

पडदा लालभडक झाला. मशीन टुंग टुंग वाजायला लागलं. यादीत एदुआर्दो रिबेरा नावाचा कुणी अमली पदार्थांचा मोठा तस्कर होता. अक्षर न् अक्षर तेच.

खोलीत कुणी हललं नाही. आमचा रंगवलेला पंखा तेवढा फिरत होता.

"बाई, बंद करा ते!" साहेब मराठीत ओरडले. बटण सापडेना म्हणून त्यांनी वाकून भिंतीतली वायरच उपटली. पण मशीन यूपीएसवर होतं. ते चालूच राहिलं, आणि आता यूपीएसही वाजायला लागला. दोन वेगवेगळ्या सुरांत.

"सर, व्हेरी सॉरी सर, स्वस्तातलं आहे सर," साहेब टेबलाखालूनच म्हणाले.

रिबेरा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसतं बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आता तुम्ही काय करता?"

मला पळून जावंसं वाटत होतं. पण कार्यपद्धती मीच लिहिलेली होती आणि त्यात 'पाहुणा असल्यास सोडून द्यावे' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी साहेबांना उठवलं, खुर्चीत बसले आणि कोरा कागद घेतला.

"सर, तुमची पूर्ण जन्मतारीख सांगाल का?"

"बाई, अहो वेड लागलं का?" साहेबांनी माझ्या पदराला हात घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

रिबेरांनी तारीख सांगितली.

"जन्मगाव?"

"एल पासो, टेक्सास."

"आईचं नाव? लग्नाआधीचं आडनावसुद्धा."

त्यांनी मांडीवरचा नारळ नीट धरला. मग म्हणाले, "कॉन्सुएलो. कॉन्सुएलो बार्रेरा. मागच्या वर्षी गेली."

मी पेन थांबवलं आणि मला वाईट वाटल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी पासपोर्ट मागितला. तोही त्यांनी दिला. यादीतला माणूस वयाने बराच मोठा होता, दुसऱ्याच देशात जन्मलेला होता. मी दोन्ही पुन्हा पडताळून पाहिलं, मशीनवर 'तो हा नव्हे' असं नोंदवलं आणि कारणाच्या रकान्यात एक ओळ लिहिली. पडदा हिरवा झाला. यूपीएस मात्र वाजतच होता. साहेबांनी वायर परत लावली तेव्हा तो गप्प झाला.

"कारण काय लिहिलंत?" रिबेरांनी विचारलं.

"नाव तेच, माणूस तो नाही."

त्यांनी मांडीवरचा नारळ उचलून टेबलावर ठेवला आणि हसायला लागले. आधी नुसतं अंग हललं, मग मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आम्हाला हसावं की नको कळेना. साहेब अर्धवट हसले आणि थांबले.

"मॅडम, मुंबईच्या विमानतळावर हेच सांगण्यात माझा अर्धा दिवस गेला," ते म्हणाले. "जगातल्या प्रत्येक विमानतळावर जातो. आणि एकदा तर आमच्याच बँकेच्या मशीनने माझाच पगार अडवला होता. माझं मशीन! मीच बसवलेलं!" त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "कुणी मला आईचं नाव नाही विचारलं. नुसतं बसवून ठेवतात."

मग ते गंभीर झाले. "हेच प्रश्न तुम्ही सुदामबद्दल विचारलेत?"

"सर, तो बैल होता. खरंच बैल होता."

"आधी तुम्ही त्याला घरातला ज्येष्ठ सदस्य म्हणालात."

मी साहेबांकडे बघितलं नाही. साहेबांनी छताकडे बघितलं.

"मला तिथे घेऊन चला," रिबेरा म्हणाले.

वाटेत मी रिबेरांना नाव बदलण्यावरून झालेला वाद सांगितला. बोरवाडीला पोचलो तेव्हा शेडमध्ये बायका बेदाणा निवडत होत्या. गोरापान नाही, काळाही नाही, असा हा कुठला साहेब म्हणून सगळ्या माना वर झाल्या. आप्पा धावत आले. सोनाबाईंनी रिबेरांच्या हातावर मूठभर बेदाणा ठेवला. ज्याने आमचा चहा घेतला नव्हता, त्याने तो उभ्या उभ्या खाल्ला आणि आणखी मागितला.

शेडच्या मागे कडुनिंबाखाली चौथरा होता. त्यावर दगडाचा लहानसा बैल, पाठीवर हळदकुंकू, आणि खाली कोरलेलं : सुदाम. त्याखाली गेला ते साल.

रिबेरांनी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. मग चौथऱ्याचे चारी बाजूंनी फोटो काढले, सालाचा जवळून काढला. "मृत्यूचा दाखला," मला म्हणाले. मग चौथऱ्याच्या कडेला टेकले.

"यांना विचारा. नाव बदललं असतं तर एका आठवड्यात सगळं मिटलं असतं. माझ्याही बँकेचं तेच म्हणणं होतं. का नाही बदललं?"

मी विचारलं. आप्पा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. शेवटी सोनाबाई म्हणाल्या, "सांगा की. आता कुणाचं भ्या?"

"मी त्याला इकला हुता, मॅडम," आप्पा म्हणाले. "शेड घालायची हुती. बेदाणा वाळवायच्या रॅकला जाळ्या पायजे हुत्या, पत्रं पायजे हुतं. हातात काय न्हाई. घरात किंमतीचं म्हंजे हा एकच. कवठ्याकडच्या एका गड्याला इकला. हिनं दोन दिस माझ्याशी बोलणं टाकलं."

"तीन," सोनाबाई म्हणाल्या.

"तर चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर हा दारात उभा. दावं तोडून. एवढी वाट एकटा चालत आलेला. मी गाडीत घालून परत पोचवला. काय करणार? पैशाचं पत्रं घेऊन बसलेलो. आठवड्यानं परत आला! खुरं फुटलेली. गोठ्यात आपल्या जागंवर जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडं बघाय लागला. जसं काय मीच कुठं गेलो हुतो."

मी भाषांतर करत होते. रिबेरा ऐकत होते.

"मग तो गडी आला मागोमाग. बैलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, ठेवा तुमच्यापाशी, हा काय माझा हुयाचा न्हाई. पैशे जमतील तसं द्या. पहिला माल गेल्यावर मी जाऊन फेडलं त्याचं."

रिबेरांनी जरा विचार करून मला सांगितलं, "म्हणजे माल विकला, पैसे घेतले आणि माल परत विकणाऱ्याकडेच आला. दोनदा. आमच्याकडे याला फसवणूक म्हणतात. त्यांना सांगा."

मी भीत भीत सांगितलं. आप्पा खदखदून हसले. "तो गडी बी पहिल्यांदा हेच म्हणाला हुता! पोलिसांत जातो म्हणाला!"

मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी दगडी बैलाच्या पाठीवरचा वाळका पाला झटकला.

"साहेबाला सांगा, मॅडम. मी ज्याला इकला त्यो परत आला माझ्याकडं. आता पुन्यांदा पैशासाठी त्याचं नाव काढून टाकायचं? मग मी कोन?"

ते वाक्य मी रिबेरांना दोन तुकड्यांत सांगितलं. त्यांनी बूट घातले, आप्पांशी दोन्ही हातांनी हात मिळवला. टॅक्सीत बसताना सोनाबाईंनी बेदाण्याची पिशवी दिली, तेव्हा त्यांनी बँकेच्या नियमाप्रमाणे भेट घेता येत नाही म्हणून सांगितलं आणि पिशवीचे पैसे देऊ केले. सोनाबाईंनी ते घेतले नाहीत. बराच वेळ दोघं टॅक्सीच्या सावलीत भांडत होते, ती मराठीत आणि तो इंग्रजीत. शेवटी पिशवी गेली. पैशांचं काय झालं, मला दिसलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. साहेब दर तासाला मेल आला का विचारायचे. शेटे फोन करून नुसते उसासे टाकायचे. मी सोनेतारणाच्या काउंटरकडे बघणं टाळत होते.

मग एका सकाळी मेल आला. आमचं खातं चालू राहणार होतं. पोलंडचे पैसे सोडले होते. आणि शेवटी त्यांच्या पद्धतीप्रमाणे एक नोंद होती. नावामुळे संशय येतो पण चौकशीत जो स्वच्छ ठरतो, त्याची या बँका एक वेगळी यादी ठेवतात, म्हणजे पुन्हा पुन्हा अडवलं जाऊ नये. त्या यादीला त्यांच्या बोलीत चांगल्या माणसांची यादी म्हणतात. सुदामचं नाव त्या यादीत घातलं होतं.

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि गोळी न घेता पट्टी खिशात ठेवली. मी आप्पांना फोन लावला. मागे शेडमधल्या बायकांचा गलबला ऐकू येत होता.

"आप्पा, पैसे आले."

"आलं? बरं झालं बघा. आजच पगार करतो. बांगड्या काय, पुन्हा करता येतील."

"आणि अजून एक. त्यांनी सुदामचं नाव यादीत घातलंय."

"आता आनि कुठल्या यादीत, मॅडम?"

"चांगल्या माणसांच्या."

"मानसांच्या?"

"हो. तसंच लिहून आलंय न्यूयॉर्कहून."

मग फोन कुठेतरी फळीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि आप्पांची हाक ऐकू आली, "ए सोने! हातातलं ठेव आन् हिकडं ये!" गलबला बंद पडला. आप्पा सगळ्यांना ओरडून सांगत होते, न्यूयॉर्क, मोठी बँक, चांगली मानसं. नंतर शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

मग सोनाबाईंचा आवाज आला, अगदी साधा, जरासा तुसडा.

"त्यांना आत्ता कळलं व्हय?"